रागाची मुदत पंधरा दिवस

मनुष्याच्या ठिकाणी वसणाऱ्या षड्रिपूंपैकी क्रोध हा किती काळ टिकतो, याविषयी शास्त्रकारांनी, तत्त्ववेत्त्यांनी आणि घरोघरच्या गृहिणींनी वेळोवेळी निरनिराळी मते दिलेली असली, तरी त्याचे आयुष्य दिवसांत मोजून ते कायद्याच्या कलमात बंदिस्त करण्याचे धाडस महानगरपालिकेच्या अधिनियमावाचून दुसऱ्या कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. १९४९ सालचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, ज्याला हल्ली महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखतात, त्याच्या ४०६ व्या कलमात असे स्वच्छ लिहिले आहे, की घरपट्टीविरुद्ध अपील करावयाचे असल्यास ते तक्रारीचे कारण उत्पन्न झाल्यापासून १५ दिवसांच्या आत दाखल झाले पाहिजे. आणि ज्या घरमालकाने त्या अवधीत आपला संताप योग्य त्या मुद्रांकासह न्यायाधीशापुढे रुजू केला नाही, त्याचा संताप सोळाव्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने निवाला असे धरून चालण्यात येते. ज्या आकारणीविरुद्ध अपील झाले नाही ती अंतिम होय, हेही त्याच अधिनियमाने सांगून ठेवले असल्यामुळे, सतराव्या दिवशी पुन्हा भडका उडण्याची वाटही बुजविलेली आहे.

या तरतुदीमागील हेतूविषयी मला शंका नाही. रस्ते, गटारे, दिवाबत्ती आणि, सवड झाल्यास, पाणी यांचा भार ज्या संस्थेच्या शिरावर आहे, तिच्या अंदाजपत्रकातील जमेची बाजू प्रत्येक घरमालकाच्या लहरीनुसार वर्षानुवर्षे अधांतरी राहिली तर शहराचा कारभार चालावयाचा नाही, हे कोणीही सुज्ञ मनुष्य कबूल करील. माझा आक्षेप एवढाच, की ज्याने हा १५ चा आकडा मुक्रर केला त्याला कायदा उत्तम अवगत असला, तरी मराठी घरमालक मुळीच अवगत नव्हता. आमचा राग कैरीच्या लोणच्याच्या जातीचा असतो. तो मुरल्यावाचून पानात वाढण्याजोगा होत नाही.

बिल हाती पडते त्या दिवशी घरमालक ते वाचत नाही. तो फक्त तळाची रक्कम पाहतो, ‘वाढवली लेकाच्यांनी’ एवढे उद्गार काढतो आणि ते बिल विजेच्या आणि वाण्याच्या बिलांच्या सहवासात तारेला टोचून ठेवतो. हा क्रोध नव्हे. ही केवळ क्रोधाची पूर्वपीठिका होय. पुढे एखाद्या रविवारी दाढी झाल्यावर चष्मा लावून तो ते बिल सावकाश उलगडतो, आणि तेथे त्याच्या मनाची एक चमत्कारिक द्विधा अवस्था होते. कारण जुन्या पद्धतीने घरपट्टी बसते ती करयोग्य मूल्यावर. म्हणजे हे घर वर्षाच्या कराराने भाड्याने दिले तर वाजवीपणे जे भाडे येईल, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा जाता उरणाऱ्या रकमेवर. आता आपल्या घराला इतके भाडे येऊ शकते, असे खुद्द महानगरपालिकेने लेखी कळविल्यावर कोणाच्या अंगावर मूठभर मांस चढणार नाही? मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत ज्या वास्तूचे वर्णन ‘हवेशीर, भक्कम, मोक्याची’ असे झालेले असते, तीच वास्तू करनिर्धारकापुढे ‘जीर्ण, ओलसर, पडायला झालेली’ ठरवावयाची, तर आधी आपल्या मनाची समजूत घालावी लागते; आणि व्याही ज्या आळीत राहतात त्याच आळीत करनिर्धारक खात्याचा कारकूनही राहत असेल, तर ही समजूत विशेष काळजीपूर्वक घालावी लागते. यात पहिला आठवडा जातो.

खरा राग येतो तो शेजाऱ्याचे बिल पाहिल्यावर. आपल्याला किती कर बसला याचे दुःख मर्यादित असते. शेजाऱ्याला किती कमी बसला याच्या दुःखाला अंत नसतो. परंतु शेजाऱ्याचे बिल पाहावयास मिळणे ही सोपी गोष्ट नाही. पगार, वय आणि घरपट्टी या तीन बाबतींत आमच्या पेठेतील सज्जन माणसेही खरे बोलत नाहीत. तेव्हा प्रथम आपण खोटा आकडा सांगावयाचा, त्याने त्याचा खोटा आकडा सांगावयाचा, दोन्ही खोटे आकडे जुळले म्हणून दोघांनीही अस्वस्थ व्हावयाचे, आणि अखेर एका सायंकाळी वीज गेलेली असताना ओट्यावर बसून मेणबत्तीच्या प्रकाशात दोन्ही बिले शेजारी शेजारी ठेवावयाची, असा या शोधाचा क्रम असतो. शेजाऱ्याचे माजघर आपल्याहून दोन हात लांब असून त्याला कर कमी, हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे मग तक्रारीचे कारण खऱ्या अर्थाने उत्पन्न होते. कायद्याने मात्र ते कारण कधीच उत्पन्न झाले असे धरलेले असते, आणि बहुधा त्याच सुमारास ते मुदतबाह्यही झालेले असते.

कोणाला वाटेल, की आमच्या रागाचे हे मंदगतित्व आधुनिक आहे. तसे नाही. आर्थर क्रॉफर्ड हे १८६५ साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले आणि त्यांनी गटारे, रस्ते व मंडया यांवर सढळ हाताने खर्च करावयास प्रारंभ केला. खर्च वाढला, कर वाढले, वसुलीचा तगादा वाढला. आणि मुंबईच्या करदात्यांची सुप्रसिद्ध चळवळ झाली ती १८७१ साली. मध्ये सहा वर्षे गेली. परंतु तो राग असा सुरेख मुरलेला होता, की त्याच्या पोटी १८७२ सालचा नवा म्युनिसिपल कायदा जन्माला आला आणि चौसष्ट सभासदांच्या कॉर्पोरेशनमध्ये निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यावे असे ठरले. या देशात मतपेटीचा उगम शोधीत जाणाऱ्या इतिहाससंशोधकाला वाटेत घरपट्टीच्या बिलांचे एक बरेच मोठे गाठोडे लागते, ते यामुळेच. त्या करदात्यांना १५ दिवसांतच फिर्याद गुदरा असे कोणी बजावले असते, तर मुंबईला क्रॉफर्डसाहेबांची मंडई मिळाली असती, पण लोकनियुक्त सभासद मिळाले असते की नाही, याची मला शंका आहे. (ती मंडई आज महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने उभी आहे, ज्या साहेबाच्या खर्चाविरुद्ध एवढी ओरड झाली त्याच्याच मंडईत भाजीचे भाव पाहून करदाते अद्यापही ओरडतात.)

बरे, १५ दिवस ते १५ दिवस. परंतु ते मोजावयाचे कोठून? नोटीस हाती मिळाल्यापासून म्हणावे, तर कायद्याच्या मते हात हा बजावणीचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. मालक सापडला नाही तर घरातील प्रौढ माणसाच्या स्वाधीन करावी, तेही नसेल तर वास्तूच्या दर्शनी भागी डकवावी, आणि डकवली म्हणजे बजावली. ज्याचे घर कोथरुडात आणि वास्तव्य सहा महिने न्यू जर्सीत मुलाकडे, अशा निवृत्त गृहस्थाच्या बंद दारावर एखाद्या चैत्राच्या दुपारी खळीचा एक फराटा मारून तो कागद चिकटवला जातो, दोन पंचांच्या सह्या होतात, आणि इकडे मुदतीचे घड्याळ चालू होते. तिकडे ते गृहस्थ नातवंडांना शुभं करोति शिकवीत असतात. परत येऊन कुलूप उघडतात तो दारावर कागदाचे चारच कोपरे शिल्लक असतात. मधला मजकूर, म्हणजे नेमका रकमेचा भाग, वळिवाच्या पहिल्या सरीने नेलेला असतो.

यावर कोणी म्हणेल की आकारणी झाली तेव्हाच हरकत का घेतली नाही? हा प्रश्न कायदाही विचारतो. करयोग्य मूल्याविरुद्ध अपील करावयाचे तर त्याआधी आयुक्तांकडे लेखी तक्रार केलेली असावी आणि तिचा निकाल लागलेला असावा, अशी अट आहे. त्या तक्रारीसाठी जाहीर नोटीस निघते, वर्तमानपत्रांत छापली जाते. ती वाचणारा एक मनुष्य प्रत्येक शहरात असलाच पाहिजे असे मी संभाव्यतेच्या शास्त्राच्या आधारे मानतो, पण त्याची माझी गाठ पडलेली नाही. निविदा, हरवलेली प्रमाणपत्रे आणि नाव बदलल्याच्या जाहिराती यांच्या दाटीत ती नोटीस अशा विनयाने उभी असते, की तिच्याकडे लक्ष वेधणे हे तिला स्वतःलाच अप्रशस्त वाटत असावे.

आणि ज्याने हरकतही घेतली, तिचा निकालही मिळवला, दिवसही अचूक मोजले, त्या नरपुंगवाला न्यायालयाच्या उंबरठ्यावर शेवटची अट भेटते: वादग्रस्त कराची रक्कम आधी आयुक्तांकडे अनामत भरा, मग अपील ऐकू. हे म्हणजे कर देणे लागत नाही हे सिद्ध करण्यासाठी प्रथम कर देणे होय. अहमदाबादच्या गिरणीमालकांनी या अटीविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली होती. गिरणीमालकांच्या आर्थिक विवंचनेने माझे डोळे सहसा पाणावत नाहीत, तथापि या एका बाबतीत माझी सहानुभूती त्यांच्या बाजूस होती. १९७५ साली निकाल लागला तो असा, की अपील हा मनुष्याचा उपजत हक्क नसून कायद्याने दिलेली देणगी आहे, आणि देणाऱ्याला देताना अट घालता येते. तेव्हापासून घरमालकाने देणगीच्या दातांकडे पाहू नये असा शिष्टाचार पडला आहे.

अपिलाची वाट सोडून महानगरपालिकेवर सरळ दावा ठोकावा, असा सल्ला देणारे निवृत्त अव्वल कारकून प्रत्येक ओट्यावर असतात. ‘अहो, हे सरळसरळ बेकायदा आहे, दावाच लावा,’ असे ते म्हणतात आणि चहा मागवतात. या वाटेची गंमत निराळीच आहे. येथे आधी लेखी नोटीस द्यावयाची, मग महिनाभर स्वस्थ बसावयाचे, आणि सहा महिन्यांच्या आत दावा लावावयाचा. म्हणजे एक कलम म्हणते पंधरवड्यात धावत या, आणि दुसरे म्हणते, ‘असे तापू नका, महिनाभर थांबा, कदाचित तुमचे तुम्हालाच पटेल.’ शिवाय थांबून गेल्यावर न्यायालय विचारू शकते, की कायद्याने अपिलाची वाट आखून दिली असता तुम्ही या वाटेने कसे आलात? उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा, तर तेथे दिवसांचा हिशेब नाही हे खरे. पण ‘इतके दिवस कोठे होता?’ हा प्रश्न तेथेही विचारला जातो, आणि त्याचे ‘शेजाऱ्याचे बिल पाहण्याच्या प्रयत्नात होतो’ हे एकमेव प्रामाणिक उत्तर प्रतिज्ञापत्रावर देता येत नाही.

प्राचीनांचे औदार्य अशा वेळी आठवते. आपली भूमी दुसरा उपभोगीत असता डोळ्यांनी पाहून जो बोलत नाही, त्याचा हक्क २० वर्षांनी जातो आणि जंगम धन असेल तर १० वर्षांनी, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. २० वर्षे! तेवढ्यात आमच्या पेठेतील घरमालकाने शेजाऱ्याचेच काय, सबंध आळीचे बिल पाहिले असते. अर्थात् असे औदार्य आधुनिकांतही अगदीच नष्ट झालेले नाही. ते फक्त सरकारच्या वाट्याला आले आहे. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यात सरकारला दावा लावण्यास ६० वर्षे होती, म्हणजे सरकारला आपल्या हक्काची आठवण षष्ट्यब्दीपूर्तीच्या समारंभात झाली तरी चालत असे. १९६३ च्या कायद्याने हा काळ निम्म्यावर, म्हणजे ३० वर्षांवर आणला. याच कायद्याचे ६ वे कलम मला विशेष उद्बोधक वाटते. दावा लावण्याचा हक्क उत्पन्न होतेवेळी जो मनुष्य अज्ञान, वेडा किंवा जडबुद्धी असेल, त्याची मुदत ती अवस्था संपल्यावर सुरू होते असे ते सांगते. घरपट्टीच्या बिलावरील उपकरांची बेरीज जुळविण्यास बसलेला मनुष्य या तिन्ही अवस्थांतून एका बैठकीत जातो. पण तेवढ्याने सवलत मिळत नाही, आणि अपिलाला तर हे कलम लागूच नाही.

अपिलवाल्याची आशा असते ती ५ व्या कलमावर. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ करता येतो, असे ते म्हणते. आणि घरपट्टीच्या विशेष कायद्याला हे सर्वसाधारण कायद्याचे कलम कितपत लागते यावर वकिलांना एक स्वतंत्र युक्तिवाद, व म्हणून एक स्वतंत्र फी, उपलब्ध होते. या कलमाखाली आमच्या लोकांनी दिलेली कारणे एकत्र छापली तर मराठीतील एक उत्कृष्ट कथासंग्रह तयार होईल. त्यात कावीळ फार, गावी जाणे फार, आणि वकिलाच्या कारकुनाच्या हातून कागद गहाळ होणे सर्वांत जास्त. प्रत्येक दिवसाच्या विलंबाचा खुलासा द्या, असा जुना दंडक होता. अनंतनागच्या एका भूसंपादनाच्या प्रकरणात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर मोठ्या खेळकरपणे विचारले, की प्रत्येक दिवसाचाच का, प्रत्येक तासाचा, प्रत्येक क्षणाचा का नको? आणि तारतम्याने वागा असे सांगून विलंब माफ केला. हे वाचून घरमालकाने आनंदाने उडी मारण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे, की तो विलंब चार दिवसांचा होता आणि उशिरा येणारा पक्षकार सरकार होते. पुढे कित्येक वर्षे सरकारी खात्यांनी या निकालाच्या छायेत यथेच्छ विश्रांती घेतली. अखेर २०१२ साली टपाल खाते ४२७ दिवस उशिरा आले, तेव्हा न्यायालयाने फायलींच्या मंदगतीचे गाऱ्हाणे ऐकून घेण्याचे नाकारले. पत्रे वेळेवर पोचविणे हाच ज्याचा धंदा, त्याने हे कारण सांगावे याचे न्यायमूर्तींना काय वाटले असेल, ते निकालपत्रात आलेले नाही.

आता वसुलीकडे वळू, कारण मुदत संपलेल्या घरमालकाकडे वसुली वळतेच. घरपट्टी सहा सहा महिन्यांची आगाऊ देणे असते, १ एप्रिलला आणि १ ऑक्टोबरला. म्हणजे सेवा मिळण्यापूर्वीच बाकीदार होण्याची सोय आहे. बिलानंतर मागणीची नोटीस, तीनंतर दरमहा दोन टक्के शास्ती, आणि तरीही दाद न मिळाल्यास जप्तीचे वॉरंट. कराचा बोजा वास्तूवर अग्रहक्काने बसत असल्यामुळे घर विकले तरी तो नव्या मालकाच्या मागे हात धुऊन लागू शकतो. परंतु या साऱ्या कठोर व्यवस्थेत एक फार हृद्य कलम आहे आणि ते जुन्या मुंबई इलाख्याच्या नगरपालिका कायद्यांपासून चालत आलेले आहे. जप्तीचा अंमलदार सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात दार फोडू शकतो. मात्र जो भाग स्त्रियांच्या वापराचा असेल, त्याचे दार फोडण्यापूर्वी त्याने तीन तासांची पूर्वसूचना दिली पाहिजे आणि त्यांना निघून जाण्यास अवसर दिला पाहिजे. अंगावरचे कपडे, अंथरूण आणि स्वयंपाकाची भांडी यांना जप्तीपासून अभय आहे. स्वयंपाकघर हाच घराचा अभेद्य बुरूज आहे हे ज्या विधिज्ञाच्या ध्यानात आले, तो खात्रीने विवाहित असला पाहिजे. दूरदर्शी गृहिणी त्या तीन तासांत घरातील यच्चयावत् मौल्यवान जिन्नस डब्यांत भरून डबे मांडणीवर चढवू शकेल, आणि अंमलदाराच्या यादीत शेवटी दिवाणखान्यातील पितळी घोड्याखेरीज काही उरणार नाही.

अलीकडे काही महानगरपालिकांनी जप्तीऐवजी बाकीदाराच्या दारात बँड वाजविण्याची पद्धत काढली आहे. तीत लाज वाटून पैसे भरले जावेत अशी अपेक्षा असते. पण ज्या आळीत कोणत्याही वाद्याचा नाद ऐकताच लोक मुंडावळ्या शोधू लागतात, तेथे आधी शेजारीपाजारी अभिनंदनाला येतात; समस्त आळीच्याच दुपारच्या झोपेचा मात्र विचका होतो, आणि ज्याने वेळेवर कर भरला त्यालाही तो बँड तितकाच स्पष्ट ऐकू येतो.

या सर्वांवर कळस म्हणजे अभय योजना. ज्या शास्तीविरुद्ध तक्रार करावयाला १५ दिवसांवर सोळावा मिळत नाही, तीच शास्ती थकबाकीदाराने अमुक तारखेपर्यंत मूळ रक्कम भरल्यास बव्हंशी माफ करण्यात येईल, असे एक दिवस फलक लागतात. नियमाने कर भरणारा गृहस्थ तो फलक दोन वेळा वाचतो. त्याच्या मनात नेमका त्या क्षणी खरा, परिपक्व, जातिवंत क्रोध उत्पन्न होतो; पण वेळेवर कर भरल्याबद्दल अपील करण्याची तरतूद कोणत्याच कलमात नाही. योजनेची अखेरची तारीख येते, त्या दिवशी रांग लांबते आणि ‘नागरिकांच्या आग्रहास्तव’ मुदतवाढ जाहीर होते. मुदतवाढ संपते, तिला दुसरी मुदतवाढ मिळते. मार्च अखेरीस भरणा केंद्रे रविवारीही उघडी असतात, सणाच्या दिवशी उघडी असतात, मंडप असतो, पंखे असतात, थंड पाणी असते, आणि सही करावयास दोरीने बांधलेले पेनही, इतरत्र क्वचितच आढळणाऱ्या सौजन्याने, चालू स्थितीत असते. हरकतींचे अर्ज घेणारी आवक-जावकची खिडकी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हातास आहे. ती मात्र शनिवार, रविवार आणि सर्व सुट्यांना बंद असते, आणि चालू दिवशी दुपारी तेथील कारकून जेवावयास गेलेले असतात.